घास अडकतो तेव्हा: फुप्फुसाच्या कॅन्सरचा शेक, केमो आणि अन्ननलिका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे', 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी गप्पा त्याच आहेत.

आजचा विषय जरा जड आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरवर रेडिएशन आणि केमो एकाच वेळी चालू असताना गिळायला जो त्रास होतो, तो. तुम्ही म्हणाल, फुप्फुसाचा आजार आणि गिळण्याचा काय संबंध? हाच प्रश्न आमच्या घरात माझ्या मामीने विचारला होता. घरात कोणाला असा आजार झाला की रिपोर्टचे फोटो काढणं, अपॉइंटमेंट घेणं, व्हॉट्सॲपवर आलेले सल्ले तपासणं ही सगळी कामं आपल्या वयाच्या मुलामुलींवर येतात. म्हणून हा भाग तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. गोळी कुठली आणि किती, हे तुमचे डॉक्टरच सांगणार. आत नेमकं काय चाललंय आणि कुठल्या वेळी फोन उचलायचा, एवढं मी सांगतो.

अन्ननलिका मध्ये आली कुठून?

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण २५ सेंटीमीटरची नळी. ती छातीच्या बरोबर मधून, श्वासनलिकेच्या मागून खाली उतरते. दोन फुप्फुसं दोन बाजूंना आणि मधे हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका, अशी ही एकदम गर्दीची गल्ली आहे.

आता तिसऱ्या स्टेजचा फुप्फुसाचा कॅन्सर घ्या. यात आजार बऱ्याचदा याच मधल्या गल्लीतल्या लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे बोलीभाषेत 'गाठींपर्यंत' पोहोचलेला असतो. अशा अनेक पेशंटचं ऑपरेशन करता येत नाही. मग रेडिएशनचा मारा त्या गाठींवरही करावा लागतो. अन्ननलिका त्या गाठींना अगदी खेटून असते. काही ठिकाणी मधे काही मिलिमीटरचंच अंतर असतं. त्यामुळे मशीन कितीही भारी असलं तरी नळीच्या काही भागाला डोस बसतोच. मशीन चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा यात संबंध नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

मशीनवर जाण्याआधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो. त्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट प्रत्येक अवयवाची बाह्यरेषा काढतात आणि कुणाला किती डोस जाईल याचा हिशोब करतात. अन्ननलिकेला मिळणारा सरासरी डोस ३४ ग्रेच्या खाली ठेवायचा प्रयत्न ही बरीच वापरात असलेली मर्यादा आहे. पण गाठ नळीला चिकटून असेल तर ही मर्यादा पाळताना गाठीवरचा डोस कमी पडू शकतो. आणि गाठीला डोस कमी देऊन चालत नाही, कारण उपचार तिच्यासाठीच आहे. कुठे किती तडजोड करायची, हा निर्णय इथे होतो.

'शेक' म्हणजे भाजणं नाही

आपल्याकडे रेडिएशनला 'शेक' म्हणतात. काही जण 'लाइट घेतली' असंही म्हणतात. शेक म्हटलं की डोळ्यांसमोर उष्णता येते आणि मग घरातले म्हणतात, 'आतून भाजलंय, थंड द्या.'

जरा हिशोब करू. ग्रे हे डोसचं एकक आहे. एक किलो वजनाच्या उतींमध्ये एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की झाला एक ग्रे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये नेहमीचा कोर्स असतो ६० ग्रे. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे ३० दिवस, म्हणजे सहा आठवडे. हे सगळे ६० ग्रे एकदम एक किलो पाण्याला दिले तर त्याचं तापमान किती वाढेल? एका अंशाच्या साधारण सत्तराव्या भागाइतकं. कोमट चहाचा एक घोट यापेक्षा जास्त गरम करतो.

मग इजा होते कशी? हे किरण पेशीतल्या डीएनएच्या साखळ्या तोडतात. डीएनए तुटलेली पेशी लगेच मरतेच असं नाही. विभाजन करायला जाते तेव्हा ती अडते आणि मरते. म्हणून ज्या पेशी सारख्या विभाजित होत असतात त्यांना जास्त फटका बसतो. कॅन्सरच्या पेशी त्यात येतात, पण तोंडाची, अन्ननलिकेची, आतड्याची आतली त्वचाही येते, कारण ती रोज झिजते आणि रोज नव्याने तयार होते.

केमो त्याच वेळी का देतात?

इथे प्रोग्रामरना एक ओळखीची गोष्ट भेटते: सिक्वेन्शियल की पॅरलल? केमो आधी आणि रेडिएशन नंतर, अशी रांग लावता येते. किंवा दोन्ही सोबत. सोबत दिलं की केमोची औषधं रेडिएशनचा परिणाम वाढवतात. सिस्प्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन डीएनएच्या दुरुस्तीत अडथळा आणतात. पॅक्लिटॅक्सेल पेशीला विभाजनाच्या अशा टप्प्यावर अडकवून ठेवतं, जिथे किरणांपुढे ती सगळ्यात कमजोर असते. कॅन्सरला हे सगळं लागू पडतं, आणि दुर्दैवाने अन्ननलिकेच्या त्वचेलाही.

याची किंमत आणि फायदा दोन्ही मोजलेले आहेत. २०१० साली जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीमध्ये सहा चाचण्यांमधल्या १,२०५ पेशंटचा एकत्र अभ्यास छापून आला. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण एकामागून एक उपचारात १०.६ टक्के होतं, सोबतच्या उपचारात १५.१ टक्के. म्हणजे दर शंभरात साधारण चार-पाच माणसं जास्त. त्याच अभ्यासात अन्ननलिकेचा गंभीर त्रास ४ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. फुप्फुसाच्या तात्काळ त्रासात मात्र फारसा फरक दिसला नाही. सोबत उपचाराची किंमत मुख्यतः गिळण्याच्या त्रासात मोजावी लागते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. घरात जेव्हा कोणी म्हणतं, 'एवढा त्रास होणार होता तर दोन्ही सोबत कशाला दिलं?', तेव्हा याचं उत्तर आहे: त्या चार-पाच माणसांसाठी. आणि आपला पेशंट त्यातला असू शकतो. वय जास्त असेल, तब्येत फारच खालावलेली असेल, तर डॉक्टर मुद्दाम रांगेचा मार्ग निवडतात. तेही बरोबरच असतं.

हे आकडे जुन्या चाचण्यांमधले आहेत, हे लक्षात ठेवा. त्यानंतर इम्युनोथेरपी आली. पॅसिफिक नावाच्या मोठ्या चाचणीत केमो-रेडिएशन पूर्ण केलेल्या आणि आजार वाढलेला नसलेल्या पेशंटना वर्षभरापर्यंत दुर्व्हालुमॅब दिलं. पाच वर्षांनी त्या गटात ४२.९ टक्के लोक जिवंत होते, औषध न मिळालेल्या गटात ३३.४ टक्के. औषध महाग आहे आणि सगळ्यांना लागू पडत नाही. पण त्या दारापर्यंत पोहोचायचं असेल तर आधीचा कोर्स पूर्ण करावा लागतो.

जास्त डोस म्हणजे जास्त चांगलं?

असं वाटणं साहजिक आहे. शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं. म्हणून अमेरिकेत आरटीओजी ०६१७ नावाची चाचणी झाली: ६० ग्रे विरुद्ध ७४ ग्रे, दोन्हीकडे सोबत केमो. २०१५ साली निकाल छापून आला. ७४ ग्रेवाल्यांचं मध्यमान आयुष्य २०.३ महिने, ६० वाल्यांचं २८.७ महिने. अन्ननलिकेचा गंभीर त्रास ७४ वाल्यांमध्ये २१ टक्के, ६० वाल्यांमध्ये ७ टक्के. म्हणजे डोस वाढवला, त्रास तिप्पट झाला आणि आयुष्य उलट कमी झालं. म्हणून आजही ६० ग्रे हाच पाया आहे. 'त्या दुसऱ्या हॉस्पिटलात जास्त पॉवरचा शेक देतात' असं कोणी सांगितलं तर ही गोष्ट आठवा.

स्मॉल सेल नावाच्या प्रकारात अजून एक पद्धत आहे. दिवसातून दोनदा शेक, तीन आठवड्यांत ४५ ग्रे. १९९९ साली आलेल्या चाचणीत यामुळे पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून २६ टक्क्यांवर गेलं आणि अन्ननलिकेचा गंभीर त्रास ११ वरून २७ टक्क्यांवर. इथे फायदा मोठा, त्रासही मोठा. दिवसातून दोनदा बोलावलं असेल तर गिळण्याची तयारी लवकर करा.

पहिले दोन आठवडे शांत का जातात?

इथे पेशंट आणि घरचे फसतात. पहिला आठवडा जातो, काही नाही. दुसराही बराच बरा जातो. घरी सगळे म्हणतात, 'अरे, काही त्रासच नाही!' आणि तिसऱ्या आठवड्यात घशाखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटू लागतं.

कारण सोपं आहे. अन्ननलिकेच्या आतल्या त्वचेचे थर असतात. सगळ्यात खालचा थर नव्या पेशी बनवतो, त्या वर सरकतात आणि शेवटी झिजून पडतात. रेडिएशनने खालच्या थराचं उत्पादन मंदावतं, पण वर आधीच तयार झालेल्या पेशी अजून शाबूत असतात. मागचा सर्व्हर बंद पडला तरी रांगेतलं काम संपेपर्यंत स्क्रीनवर काही कळत नाही, तसंच. दोन-तीन आठवड्यांत जुना साठा झिजतो, खाली नवीन काही नसतं आणि कच्चा भाग उघडा पडतो. मग साधं पाणीही झोंबतं.

साधारण वेळापत्रक असं असतं:

– दुसरा-तिसरा आठवडा: घास अडकल्यासारखं, छातीच्या मध्ये जळजळ.
– चौथा ते सहावा आठवडा: गिळताना दुखणं, कधी पाठीपर्यंत जाणारी कळ.
– शेक संपल्यानंतरचे एक-दोन आठवडे: बऱ्याच जणांना त्रास इथेच सगळ्यात जास्त.
– त्यानंतरचे काही आठवडे: हळूहळू उतार.

तिसरा मुद्दा अधोरेखित करा. शेवटचा शेक झाला की पेढे वाटायचा मूड असतो आणि नेमका तेव्हाच त्रास वाढतो. काहीतरी बिघडलंय असं वाटून घाबरू नका. त्या पेशींचं गणितच तसं आहे, साठा भरून यायला वेळ लागतो.

'ग्रेड' म्हणजे काय?

फाइलमध्ये 'ग्रेड २' किंवा 'ग्रेड ३' असं लिहिलेलं दिसेल. ही कॅन्सरची ग्रेड नाही, त्रासाची आहे. ग्रेड १ म्हणजे तपासणीत दिसतं, पण पेशंटला जाणवत नाही. ग्रेड २ म्हणजे त्रास आहे आणि खाणं बदलावं लागलंय. ग्रेड ३ म्हणजे खाणं-गिळणं फारच कमी झालंय, नळीने अन्न द्यायची किंवा भरती करायची वेळ आलीय. ग्रेड ४ म्हणजे जिवाला धोका.

आपलं काम काय? ग्रेड २ ला असतानाच डॉक्टरांना कळवणं, म्हणजे ३ टाळायची संधी मिळते. आपली वडीलधारी माणसं 'एवढंसं काय सांगायचं, डॉक्टर बिझी आहेत' म्हणून गप्प बसतात. त्यांच्या वतीने आपण बोलायचं.

'पुरे आता, शेक बंद करा'

माझे मामा सांगलीकडचे. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर, तक्रार हा शब्दच माहीत नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. मामीचा मला फोन आला, 'अरे, ते म्हणतायत पुरे आता, दोन आठवडे सुट्टी घेऊ, जरा ताकद आली की परत जाऊ.' ऐकायला किती समजूतदार वाटतं, नाही?

अडचण अशी की शेक थांबला तरी शिल्लक राहिलेल्या कॅन्सरच्या पेशी थांबत नाहीत. उपचारादरम्यान उरलेल्या पेशी आणखी वेगाने वाढू लागतात, हे रेडिएशनच्या शास्त्रात चांगलं माहीत आहे. मधे सुट्टी पडली की एकूण डोस तोच राहिला तरी त्याचा परिणाम कमी होतो. म्हणून डॉक्टर गॅप टाळायला एवढे धडपडतात. कधी गॅप द्यावाच लागतो, पण तो निर्णय त्यांनी घ्यायचा. आपण घरी बसून घ्यायचा नाही.

मी मामीला एवढंच म्हटलं, 'मामी, उद्या शेकाला जाताना मामांनी काल किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, वजन किती, हे कागदावर लिहून द्या. आणि बंद करू का असं विचारू नका. गिळता यावं म्हणून काय देता, ते विचारा.' दुसऱ्या दिवशी बधिर करणारं जेल मिळालं, दुखण्याचं पातळ औषध मिळालं, आहारतज्ज्ञांशी भेट झाली आणि एक सलाईन लागलं. एकही दिवस बुडला नाही. सहा किलो वजन मात्र गेलं, ते खरं. शेक संपल्यावर साधारण महिन्याने मामांनी दूध-भाकरी कुस्करून खाल्ली.

डॉक्टरांकडे काय काय असतं?

बरंच असतं, मागितलं पाहिजे.

एक, लिडोकेनसारखं बधिर करणारं जेल किंवा द्रव. जेवणाआधी थोडं घेतलं की गिळणं सुसह्य होतं. तोंड आणि घसा बधिर असतो, त्यामुळे गरम काही खाऊ नका आणि घाई करू नका, ठसका लागतो.

दोन, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या. कच्च्या झालेल्या नळीवर जठरातलं आम्ल वर आलं की जखमेवर मीठ.

तीन, बुरशीचा संसर्ग. केमोने प्रतिकारशक्ती खाली आलेली असते, त्यात कॅन्डिडा नावाची बुरशी घशात आणि अन्ननलिकेत वाढू शकते. जिभेवर, टाळूवर पांढरे ठिपके दिसले तर फोटो काढून दाखवा. दुखणं फक्त शेकाचं आहे असं धरून बसलात तर साध्या औषधाने बरा होणारा भाग तसाच राहतो.

चार, दुखण्याची जोरकस औषधं, आणि यात मॉर्फिन आलं. मॉर्फिनचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. 'म्हणजे आता शेवटचंच का?' तसं नाही हो. इथे मॉर्फिन काही आठवड्यांसाठी असतं, नळी भरून येईपर्यंत. मग डॉक्टर हळूहळू डोस कमी करून बंद करतात. सिरप मिळतं, गिळवतच नसेल तर त्वचेवर लावायचा फेंटानिलचा पॅच असतो. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागा. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हॉस्पिटलांना मॉर्फिन ठेवणंच किचकट झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने ते सोपं झालं. कायद्याने जे सोपं केलं ते आपण भीतीपोटी नाकारू नये.

पाच, नळी. नाकातून किंवा पोटातून अन्न देण्याची. कोणालाच नको असते, पण ती तात्पुरती असते आणि कोर्स पूर्ण करायला मदत करते.

मेडिकलमधून स्वतःहून पेनकिलर आणू नका. सिस्प्लॅटिन चालू असेल तर किडनीवर आधीच ताण असतो आणि काही नेहमीच्या पेनकिलर गोळ्या तो वाढवतात. तापाची गोळी परस्पर दिली तर ताप झाकला जातो, आणि केमोमध्ये ताप ही महत्त्वाची सूचना असते.

मध, हळद आणि व्हॉट्सॲप

आता येतात सल्ले. 'रोज मध चाटवा, घसा बरा होतो.' गंमत म्हणजे मधावर खरंच चाचणी झालीय! आरटीओजी १०१२ नावाच्या चाचणीत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या, केमो-रेडिएशन चालू असलेल्या पेशंटना दिवसातून चार वेळा मनुका मध दिला. मनुका म्हणजे न्यूझीलंडमधलं एक झुडूप, आपल्या मनुका नव्हेत. २०१७ साली निकाल आला: नेहमीच्या काळजीपेक्षा गिळण्याच्या दुखण्यात जास्त फायदा दिसला नाही.

अमिफॉस्टिन नावाच्या, पेशींचं संरक्षण करणाऱ्या औषधाचंही तसंच झालं. मोठ्या चाचणीत गंभीर त्रास औषध घेणाऱ्यांत ३० टक्के, न घेणाऱ्यांत ३४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणजे शास्त्रज्ञांनी महागडं औषध आणि मध दोन्ही एकाच तराजूत तोलले आणि दोन्ही कमी पडले. यातून मी एवढंच घेतलं की त्रास मुळातून थांबवणारी जादू सध्या नाही, त्यामुळे दुखणं आणि पोषण सांभाळण्यावरच भर द्यायचा. चमचाभर मध दुधात घातला म्हणून बिघडत नाही, डायबेटिस नसेल तर. पण मधाच्या भरवशावर डॉक्टरांचं जेल ठेवून देऊ नका. काढे, पावडरी, कॅप्सूल सुरू करायच्या आधी मात्र विचाराच.

ताटात काय?

नियम तीन: मऊ, कोमट, सौम्य.

चालतं: तांदळाची पेज, मऊ गुरगुट्या भात आणि साजूक तूप, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, नाचणी सत्त्व दुधात शिजवून, रव्याची किंवा साबुदाण्याची पातळ खीर, कुस्करलेलं केळं, शिजवलेलं अंडं बारीक करून, पनीर मिक्सरमधून काढून. भाकरी खायचीच असेल तर दुधात पूर्ण भिजवून.

नको: ठेचा, लोणचं, चटणी, लिंबू, चिंच, टोमॅटोचं सार, फरसाण, चुरमुरे, कोरडी भाकरी, टोस्ट, उकळता चहा. दारू नको. सिगारेट, बिडी आणि तंबाखू तर अजिबात नको.

तीन वेळा ताट भरून वाढण्यापेक्षा दर दोन तासांनी वाटीभर द्या. नुसत्या पेजेवर राहू नका. पेजेने पोट भरतं, पण प्रोटीन मिळत नाही. दूध, अंडं, डाळ, पनीर यातलं काहीतरी प्रत्येक वाटीत जाऊ दे. जेवल्यावर अर्धा-एक तास बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही. आणि डायबेटिस असेल तर खिरीच्या आधी डॉक्टरांशी बोला.

आणि घरातल्यांना एक विनंती. 'एक घास माझ्यासाठी' म्हणून जबरदस्ती करू नका. त्या घासाला चाकूसारखी धार असते.

कधी थांबायचं नाही, थेट निघायचं

– पाणीही जात नाही, थुंकीसुद्धा बाहेर टाकावी लागतेय.
– लघवी खूप कमी किंवा गडद, उठल्यावर चक्कर.
– ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त. केमो चालू असताना रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.
– प्रत्येक घोटाला ठसका आणि खोकला. अन्ननलिका आणि श्वासनलिकेत भोक पडणं ही दुर्मीळ पण गंभीर गोष्ट आहे, ती तपासावी लागते.
– रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच.
– अचानक छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ. 'शेकाचंच असेल' म्हणू नका, हृदयही त्याच गल्लीत राहतं.

सगळं संपल्यावर

बहुतेकांची नळी काही आठवड्यांत भरून येते. पण काही जणांना काही महिन्यांनी पुन्हा घास अडकायला लागतो. जखम भरताना तिथे आकसलेला व्रण तयार होतो आणि नळी अरुंद होते. आधी घट्ट पदार्थ अडकतात, मग मऊ. दुर्बिणीने बघून ती जागा रुंद करता येते, कधी एकापेक्षा जास्त वेळा. दुर्बीण आणखी एका कारणासाठी लागते: अडकणं व्रणामुळे आहे की आजार परत आलाय, हे घरी बसून सांगता येत नाही. पुढे काही केमोची औषधं घेताना जुन्या शेकाच्या जागी पुन्हा दाह उठू शकतो. म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलात तर 'छातीवर ६० ग्रे घेतलेत, अमुक महिन्यात' हे सांगा. रेडिएशनच्या सारांशाचा कागद जपून ठेवा, त्याचा फोटो फोनमध्ये असू दे.

फोनमध्ये एक छोटा लॉग

आपल्याला लॉग लिहायची सवय आहेच. नोट्स ॲपमध्ये रोज पाच ओळी: गिळतानाचं दुखणं शून्य ते दहा, आज काय काय गेलं, पाण्याचे ग्लास, ताप, आणि आठवड्यातून दोनदा वजन. ओपीडीत डॉक्टरांकडे मिनिटं कमी असतात. 'जरा त्रास आहे' यावर ते काय करणार? 'सोमवारी चार होतं, आज आठ आहे, वजन दीड किलो उतरलं' यावर ते लगेच औषध बदलू शकतात.

आणि पैशांचा विषय: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो आणि रेडिएशन दोन्हीचा समावेश आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटा.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कोणी या टप्प्यातून जात असेल तर हा भाग त्यांच्या फॅमिली ग्रुपवर टाका. विशेषतः त्या काकांना, जे रोज सकाळी काढ्याची रेसिपी पाठवतात. तुमच्याकडे पेशंटला गिळता आलेला एखादा मऊ पदार्थ असेल तर खाली लिहा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. काळजी घ्या, भेटूच.